गोचीड ताप : दुकानदाराच्या इंजेक्शनाआधी रक्ताचा नमुना

प्रश्न : आमच्या होल्स्टीन संकरित गाईला १०५ अंश ताप आहे आणि दूध निम्म्यावर आले आहे. औषध दुकानदाराच्या सांगण्यावरून तापाची दोन व आयव्हरमेक्टिनचे एक इंजेक्शन दिले, तरी ताप पुन्हा चढला. काय करावे?

उत्तर : तापाच्या इंजेक्शनाने ताप तेवढा उतरतो, आणि आयव्हरमेक्टिन गोचिडावर चालते, गोचिडाने रक्तात सोडलेल्या परजीवीवर नाही. खांद्यापुढील गाठ सुजली असेल तर थायलेरियाची, लघवी कॉफीसारखी होत असेल तर बबेसियाची आणि लघवी स्वच्छ असूनही डोळ्यांची आतील त्वचा फिकी किंवा पिवळी पडली असेल तर अॅनाप्लाझ्माची शंका घ्यावी. गोचिडामुळे होणाऱ्या या तिन्ही रोगांची औषधे वेगळी आहेत. म्हणून पुढचे औषध टोचण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून कानाच्या शिरेतील रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी. दुकानदाराने काचपट्टी पाहिलेली नसते.

थायलेरिया निघाल्यास ब्युपारव्हाक्वोन २० किलो वजनास १ मिली, म्हणजे ४०० किलोच्या गाईस २० मिली, मानेच्या स्नायूत खोलवर दोन ठिकाणी विभागून पशुवैद्यकांनीच द्यावे. औषध महाग म्हणून दुकानदार अर्ध्यावर भागवतो आणि गाय पुन्हा आजारी पडते. याउलट बबेसियावरील डायमिनाझिन ‘जोर यावा’ म्हणून दुप्पट दिले जाते. त्याने मेंदूवर परिणाम होऊन जनावर दगावू शकते. अर्धेही नको, दुप्पटही नको. आयव्हरमेक्टिन टोचलेल्या गाईचे दूध किती दिवस वापरायचे नाही, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

थायलेरिया पसरवणारे गोचीड अंगावर दिसतात त्याहून कितीतरी अधिक भिंतीच्या भेगांत असतात. पावसाळ्यापूर्वी भेगा सिमेंटने बुजवाव्यात, जनावरे व चारा बाहेर काढून भिंती फ्लेमगनने (ज्वाळा सोडणाऱ्या उपकरणाने) भाजाव्यात, चुना लावावा आणि गोचीडनाशकाची फवारणी लेबलवरील प्रमाणात पंधरा दिवसांनी पुन्हा करावी. पिकावरचे कीटकनाशक गाईच्या अंगावर मारू नये. अशा विषबाधेच्या गाई मी पाहिल्या आहेत. माझा आग्रह मुक्तसंचार, म्हणजे जनावरे न बांधता मोकळी ठेवण्याच्या गोठ्याचा आणि त्यात सोडलेल्या गावरान कोंबड्यांचा आहे, कारण भेगाच उरल्या नाहीत तर गोचिडाला अंडी घालायला जागा राहत नाही आणि उरलेसुरले कोंबड्या टिपतात.

थायलेरियाची लस दोन महिन्यांवरील निरोगी संकरित वासरांसाठी आहे, आजारी गाईसाठी नाही. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ वर फोन करावा आणि पथक येईल तेव्हा आतापर्यंत टोचलेल्या सर्व इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या पुढे ठेवाव्यात.