आधी गा, मग लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. गायनातली मध्यमेची परीक्षा तोंडावर आली आणि तू विचारतेस, क्रियात्मकला (प्रत्यक्ष गाण्याला) वेळ देऊ की शास्त्राला (लेखी भागाला)? प्रश्नच चुकलाय. वह्या तीन असतील, गळा एकच आहे. जे गळ्यातून आलं नाही, ते कागदावर उतरवायचं नाही. एवढं एक पाळ.

भूप आणि देशकार हे दोन राग घे. दोन्हींत सा रे ग प ध. भूप कल्याण थाटाचा (थाट म्हणजे रागांचा मूळ गट), वादी (सर्वांत मुख्य स्वर) ग, संवादी (त्याच्या खालोखाल) ध, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकार बिलावल थाटाचा, वादी ध, संवादी ग, वेळ सकाळची. हा तक्ता तुला झोपेतही येतो. पण परीक्षकांनी 'फरक गाऊन दाखवा' म्हटलं की? 'ग, रे सा, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा' असं गंधारावर थांबत गा. लगेच 'सां ध, प, ग प ध, प' असं धैवतावर थांबत गा. देशकारात गंधारावर रेंगाळलीस की भूप झालाच. हे कानाला पटलं की पूर्वांग-उत्तरांगावरचं (सप्तकाच्या खालच्या-वरच्या अर्ध्यावरचं) उत्तर लिहायला पाठांतर लागत नाही.

स्वतः तान (भरभर घेतलेली स्वरांची ओळ) बांधतानाही तेच. सोळा मात्रांच्या त्रितालातली बंदिश खालीपासून (टाळीऐवजी हात उघडतो तिथून), म्हणजे नवव्या मात्रेवर उचलत असेल, तर समेपासून (पहिल्या मात्रेपासून) घेतलेल्या दुगुनीच्या (एका मात्रेत दोन स्वर) तानेला ८ मात्रा मिळतात, म्हणजे १६ जागा. भूपात: सारे गप धसां धप, गप धप गरे सा-. शेवटचा अवग्रह ('-', सा लांबवायची जागा) मोज. तो विसरलीस की मुखडा (बंदिशीची सुरुवात) अर्धी मात्रा आधी येतो, आणि मग तबल्याकडे रागानं बघण्यात अर्थ नाही. तिहाईचं, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येण्याचं, गणितही सोपं आहे. खालीपासून समेपर्यंत, सम धरून, ९ मात्रा: ३ मात्रांचा तुकडा तीनदा. समेपासून पुढच्या समेपर्यंत १७: ५ मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोनदा एकेक मात्रा थांबायचं. बंदिशीची सम गंधारावर असेल तर तुकडा गंधारावरच संपव, 'सा रे ग'. षड्जावर संपलेली तिहाई गणितात बरोबर असूनही उपरी वाटते. हे गाऊनच कळतं. आधी गा, मग लिही.

ताल हातावर म्हण, ॲप बंद ठेवून. बारा मात्रांच्या एकतालात टाळ्या १, ५, ९, ११ वर, खाली ३ आणि ७ वर. एकच आवर्तन दुगुनीत म्हणून समेवर यायचं तर सातव्या मात्रेपासून उचल.

स्वरलेखनात पद्धती मिसळू नकोस: भातखंडे लिपीत समेला × आणि खालीला ०, पलुस्कर लिपीत समेला १ आणि खालीला +.

हा हट्ट जुनाट वाटत असेल तर वाटू दे. तक्ते घोकून पास होणारी मुलं मलाही दिसतात. वर्षभरानं तोच राग समोर गायला तर त्यांना ओळखता येत नाही, हेही दिसतं. शिक्षकानं मग कशाला मान द्यायची?

परीक्षेच्या खोलीत बसलीस की आधी पट्टी (तुझा सा कुठल्या सुरात, ते) सांग. काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी) तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) सहज लागत असेल तर काळी चारच. मैत्रीण काळी पाचमध्ये गाते म्हणून नको. मग तबल्याला ताल सांग आणि बंदिशीची पहिली ओळ हातावर ताल धरून एकदा म्हणून लय दाखव. 'मध्यलय' एवढंच सांगितलंस तर ते त्यांची मध्यलय धरतील.