विल्सनच्या रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' आलंय? आधी तांबं मोजा

ताई, विल्सन म्हणजे शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार. तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये त्याच्याशी संबंधित एटीपी७बी जनुकात एक बदल रोगकारक आणि दुसरा 'व्हीयूएस', म्हणजे अर्थ अजून न ठरलेला, असं आलंय. हा होकारही नाही, नकारही नाही. भारतीयांचा जनुकीय डेटा कमी असल्याने असा शेरा आपल्याकडे बऱ्याचदा मिळतो.

तोवर सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहणाऱ्या प्रथिनाची रक्तचाचणी), डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी (डोळ्यात साठलेलं तांबं पाहायला) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं करून घ्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतरची सगळी, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून, लॅबने दिलेल्याच डब्यात. एकदा जरी राहिली तरी आकडा खोटाच कमी येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून मुलाच्या शाळेला सुट्टी असेल तोच दिवस धरा.

तुम्हा दोघांचीही त्या दोन बदलांसाठी तपासणी हवी. हा आजार व्हायला दोन्ही पालकांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणून दोन्ही बदल एकाच पालकाकडून आले असतील तर अर्थच बदलतो.

तांब्याच्या चाचण्या विल्सनकडे बोट दाखवत असतील, तर केवळ 'व्हीयूएस'पायी उपचार लांबवायचे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पेनिसिलामाइन किंवा झिंक हे औषध वेळेत सुरू झालं तर लिव्हर वाचवता येतं. आणि धाकटीला काही त्रास नसला, तरी तिच्याही याच चाचण्या आत्ताच करा.