नर उंदराचं वय झालं की प्रजननावर काय परिणाम होतो?

वय झालं की नर लगेच नपुंसक होतो का, असं विचारलंय, तर नाही, तसं एकदम होत नाही, हळूहळू उतरत जातं. लॅबमधला उंदीर साधारण 2 ते 3 वर्षं जगतो आणि 2 महिन्यांच्या आसपास वयात येतो. तरुण नर मादी माजावर असली की लगेच मागे लागतो, अंग हुंगतो, पाठीवर चढतो, वीर्यपात झाला की काही मिनिटं निपचित पडतो आणि परत सुरू. म्हाताऱ्याचं हेच सगळं लांबतं, चढायलाच वेळ लावतो, मधली विश्रांती वाढते आणि काही नर तर नुसते हुंगून बाजूला होतात.

कारण फक्त टेस्टोस्टेरॉन (नराचं लैंगिक हार्मोन) कमी होणं नाही हं, हे खरंच नीट समजून घ्या! वृषणातल्या, हे हार्मोन बनवणाऱ्या लायडिग पेशी शिल्लक असतात पण ते कमी बनवतात, मेंदूकडून येणारा सिग्नलही मंदावतो. म्हणूनच बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तरी म्हाताऱ्या नराचं वागणं पूर्ण तरुणासारखं होत नाही.

शुक्राणू कमी होतात, त्यांचा दर्जाही घसरतो, तरी बरेच म्हातारे नर बाप होऊ शकतात.