१४ फेऱ्यांसाठी पिकअप घ्यावी का?

प्रश्न : मी साताऱ्यात बंगल्यांची कामं घेतो. भाड्याच्या गाडीने महिन्याला साधारण १४ फेऱ्या होतात, फेरीला सरासरी १,५०० रुपये. दोन टनी पिकअप ऑन-रोड साडेदहा लाखांना पडतेय, त्यात ८ लाख कर्ज. काँक्रीट मिक्सरही तिलाच जोडून नेता येईल. घेऊ का?

उत्तर : आत्ता घेऊ नका.

साडेदहा टक्क्यांनी ८ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता १७,२०० च्या आसपास बसतो. ड्रायव्हरचे १६,००० आणि विमा, टायर, सर्व्हिसिंग, पासिंगचे महिन्याला ६,५०० धरा. म्हणजे गाडी दारात नुसती उभी राहिली तरी ३९,७०० गेले. आज तुमचं भाडं २१,००० होतं. फेरीमागे डिझेलचे ३०० वजा जाता वाचतात १,२००, म्हणून बरोबरीला यायलाच ३३ फेऱ्या हव्यात. ड्रायव्हर न ठेवता स्वतः चालवलीत तर २० पुरतील, पण मग साइटवर कोण उभं राहणार?

शिवाय त्या १४ फेऱ्यांतल्या सगळ्या पिकअपच्या नाहीत. दोन टन म्हणजे सिमेंटची ४० पोती, बस्स. वाळूचा एक ब्रास (१०० घनफूट) साडेचार टनांच्या घरात जातो, ओली असेल तर जास्तच. अर्धा ब्रास भरला की तुम्ही ओव्हरलोड. दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. सळई १२ मीटरची आणि हौदा जेमतेम १० फुटी. दुमडूनही ती मागे लोंबतेच, आणि बाहेर आलेल्या मालाचा दंड पुन्हा वेगळा २०,०००. तेव्हा वाळू, खडी, सळई पुरवठादाराच्याच गाडीने येऊ द्या. सिमेंट, टाइल्स, पाइप, सेंट्रिंगच्या प्लेटा एवढ्याच फेऱ्या मोजा. आकडा दहाच्या खाली आला तर नवल नाही.

मिक्सरचा मुद्दा तर हिशेबातून काढूनच टाका. त्याला ना ब्रेक, ना मागचे दिवे. उतारावर तो पिकअपलाच ढकलतो. हूक चेसिसऐवजी (गाडीच्या लोखंडी सांगाड्याऐवजी) मागच्या बंपरला बसवला असेल तर तो उपटून येतो, आणि भरल्या गाडीने चढ ओढताना क्लच जळतो तो निराळाच. अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद ठरलेला. साइट बदलताना मिक्सर हलवायला ट्रॅक्टर बोलवा.

कराच्या बाजूने थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. शोरूम किंमत ९ लाख असेल तर त्यात सुमारे १.३७ लाख जीएसटी असतो आणि नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक दराने कर) असाल तर काहीच नाही. प्राप्तिकराचा रिटर्न उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून (४४एडी पद्धतीने) भरत असाल तर घसारा, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीची वजावट, वेगळा मिळत नाही. ‘गाडी घेतली की टॅक्स वाचतो’ हे सेल्समनचं वाक्य तिथे लागू पडत नाही.

पिकअपजोग्या फेऱ्या सलग सहा महिने २० च्या वर राहिल्या आणि चालवणारा घरचाच असेल, तर पुन्हा विचार करा. तेव्हा जुनी गाडीही बघा, पण केबिनमागे चेसिसला वेल्डिंग दिसलं किंवा मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकलेले आढळले तर ती सोडा; ती आयुष्यभर ओव्हरलोड चाललेली आहे. आधीचं कर्ज फिटल्याचा, बँकेने सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका.