नर्सचं लायसन्स कपाटात टिकत नाही

प्रश्न: मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली आहे. दोन वर्षं म्हापशाला खासगी इस्पितळात नोकरी करते. आता चांगलं स्थळ आलंय, पण त्यांना नाईट ड्युटी नको. लग्नाआधी नोकरी सोडावी, मुलं मोठी झाली की पुन्हा धरावी असं घरात ठरतंय. लायसन्स हातात आहेच, नाहीतर दुबई आहे. आपलं मत कळवावं. (एक पालक, सत्तरी तालुका, गोवा)

उत्तर: नमस्कार. पत्र मी दोनदा वाचलं, तुमच्या मुलीला शोधायला. 'घरात ठरतंय' असं तुम्ही लिहिता. त्या घरात ती धरलीय का? चार वर्षं शिकली, दोन वर्षं वॉर्डात उभी राहिली, आणि नोकरी सोडायची की नाही याबद्दल तिचं एक वाक्यही पत्रात नाही. स्थळाची अट मात्र अगदी स्पष्ट.

नाईटचंच घ्या. त्याच मंडळींच्या घरातलं कुणी उद्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, दाखल झालं, तर रात्री दोनला सलाईन बघायला नर्स हवीच ना? ती कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी सून असते. गणेश चवथीच्या दिवशीसुद्धा असते. दुसऱ्याची सून चालते, आपली नको, हे मला पटत नाही आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

आता 'लायसन्स हातात आहेच' याबद्दल. पदवीचं प्रमाणपत्र जन्मभराचं असतं, म्हणून रजिस्ट्रेशनही तसंच, असं पुष्कळ घरांत समजतात. तसं नाही. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदलेलं असतं, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ते दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी 5 वर्षांत 150 तासांचं शिक्षण दाखवायचं, म्हणजे वर्षाला 30 तास: कार्यशाळा, परिषदा, इस्पितळातली प्रशिक्षणं. नोकरीत असलं की हे तास ड्युटीच्या ओघात जमतात, निदान सूचना तरी कानावर येते. घरी बसलेलीला कोण सांगणार? शेवटच्या वर्षी फाईल शोधायला घेतली की धावपळ होते. आणि कागद जुळवला तरी हात? सहा-सात वर्षांत वॉर्डातली यंत्रं बदलतात, औषधं बदलतात, सवय मोडते.

दुबईचं म्हणाल तर तिथे नुसतं लायसन्स नव्हे, अलीकडचा कामाचा अनुभवही विचारतात. इंग्लंडमध्ये तर तिथल्या नर्सलाच दर 3 वर्षांनी 450 तास काम आणि 35 तास शिक्षण दाखवावं लागतं. 'आहेच' म्हणण्याइतकं ते सोपं नाही.

सरकारी जागा निघाली तर 15 वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी लागते. दाखला आधीच काढून ठेवा.

नाईट खरंच नको असेल, आणि ते तिलाच नको असेल, तर ओपीडी आहे, डायलिसिस आहे, नर्सिंग शाळेत ट्यूटरची जागा आहे. पगार कदाचित कमी पडेल, पण हात चालू राहतो. लग्न होऊन ती महाराष्ट्रात जाणार असेल तर गोव्यातल्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र घेऊन तिथे नोंदणी करावी लागेल. नाव बदललं तर रजिस्ट्रेशनवरही बदलून घ्या. पासपोर्टवर एक आणि रजिस्ट्रेशनवर दुसरं असलं की पुढे हेलपाटे पडतात.

आज एवढंच करा: तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत कधी संपते ते बघा आणि शिक्षणाचे आतापर्यंत तास किती झाले ते तिला विचारा. त्या निमित्ताने बाकीचंही विचारा. मग स्थळाला काय कळवायचं ते तिच्यासमोर ठरवा.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. ऑफच्या दिवशी, नाईट करून आल्यावर नको.