नवे घर, मिळालेले जुने फर्निचर आणि थोडी रिकामी जागा

नव्या घरात येऊन दोन महिने झाले आहेत, नातेवाईक कपाट, जेवणाचे टेबल, पलंग आणि गादी द्यायला तयार आहेत, पण जुन्या-नव्याचा मेळ बसणार नाही या भीतीने सगळे हप्त्यांवर एकदम नवे घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की एकदम घेऊ नये. दोन महिन्यांत घर पुरते कळत नाही. दुपारचे ऊन कुठपर्यंत येते, घरातली माणसे प्रत्यक्षात कुठे बसतात, ओल कोणत्या भिंतीला धरते, हे कळायला निदान सगळे ऋतू त्या घरात काढावे लागतात. मी पहिल्याच महिन्यात तीन जणांचा सोफा घेतला आणि ज्या खिडकीपाशी आम्ही सगळे आपोआप जाऊन बसत होतो तीच त्याने अडवली. तेव्हापासून कोणतीही मोठी वस्तू घेण्याआधी तिच्या मापाची वर्तमानपत्रे जमिनीवर पसरून चार दिवस त्यांच्या कडेने वावरण्याची सवय मी लावून घेतली आहे. चालण्याच्या वाटेला साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजे. वस्तूचे माप घेताना दार, जिन्याचे वळण आणि लिफ्ट यांचेही माप घ्यावे.

मिळणाऱ्या वस्तूंपैकी काय घ्यावे हे वरच्या रंगावरून ठरवू नये, सांध्यांवरून ठरवावे. पॉलिश उडालेले असणे, चरे पडलेले असणे, खण अडकणे या किरकोळ गोष्टी आहेत. खणाच्या लाकडी पट्ट्यांवर मेणबत्ती घासली तरी तो बहुधा सरळ सरकू लागतो. खुर्ची डगमगत असेल तर मात्र ती उलटी करून पाहावी. भरीव लाकडाच्या जुन्या खुर्चीत एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असते. तिथला वाळलेला सरस खरवडून नवा लावला आणि शिकंज्यात घट्ट आवळून रात्रभर ठेवले, तर ती पुन्हा वर्षानुवर्षे टिकते. अशा सांध्यात खिळा ठोकू नये, कारण त्याने लाकूड चिरते आणि पुढची दुरुस्ती अवघड होते. पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा चिकटवून दाबून केलेल्या फळीचे, तसे नसते. त्यात स्क्रूचे भोक एकदा मोकळे झाले की स्क्रू पुन्हा धरत नाही, आणि पाणी लागून कडा फुगल्या तर त्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून दोन-तीनदा खोलून जोडलेले तसले कपाट फुकट मिळाले तरी मी घेणार नाही. वेताची बैठक सैल पडली असेल, पण वेत तुटलेला नसेल, तर खालच्या बाजूने कोमट पाण्याने ओली करून सावलीत पूर्ण वाळू द्यावी. वेत वाळताना आखडतो आणि बैठक पुष्कळदा ताणली जाते.

वस्तू घरात आणण्यापूर्वी बाहेरच उजेडात तपासावी. बारीक भोके आणि त्यांखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला तर आत लाकूड पोखरणारी कीड जिवंत असण्याची शक्यता मोठी असते. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. पलंगाचे सांधे आणि फटी यांत काळे ठिपके दिसले तर ढेकणांचा संशय घ्यावा आणि संकोच न करता नकार द्यावा. गादी जुनी घेऊच नये. तिच्या आत काय आहे हे बाहेरून कळत नाही आणि पाठीला तीच सर्वांत जवळ असते. लहान मुलाचा जुना पाळणा-पलंगही मी घेत नाही, कारण गजांमधले अंतर सुमारे ६ सेंटिमीटरहून जास्त असेल तर मूल त्यात अडकण्याचा धोका असतो. फार जुन्या रंगात शिसे असू शकते; असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नये. उंच कपाट जुने असो वा नवे, ते भिंतीला पक्के जखडावे.

मेळाविषयी आपण उगाच धास्ती घेतली आहे. विजोडपणा लाकडाच्या छटेपेक्षा उंचीमुळे अधिक खुपतो. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर आणि सगळ्या बैठकी ४५ च्या आसपास असतील, तर चार तऱ्हेच्या चार खुर्च्या एकत्र सुखाने नांदतात. छटा जुळवायचीच असेल तर एखादी छटा खोलीत निदान दोन ठिकाणी दिसू द्यावी, एवढे पुरते.

देणाऱ्याशी बोलणे मात्र टाळू नका. आत्याने कपाट देऊ केले तेव्हा मी तिला विचारले की ते रंगवले, कापले किंवा पुढे कोणाला दिले तर चालेल का, आणि कधी परत हवे आहे का. रंगवायला तिची हरकत होती, म्हणून मी ते फक्त पुसून, पॉलिश करून ठेवले; आजही ती आली की त्याचे दार उघडून पाहते. अशी अट पाळणे आपल्याला जमणार नसेल, तर ती वस्तू न घेणेच दोघांच्याही दृष्टीने बरे.

आपल्या यादीपुरते सांगायचे तर टेबल आणि कपाट तपासून घ्या, पलंगाच्या फटी टॉर्चने पाहून मगच हो म्हणा, आणि हप्त्यांचा विचार सोडून हाताशी असलेल्या पैशांतून आधी चांगली नवी गादी घ्या. सोफ्याची जागा पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिकामी राहू द्या.