टिनाखालचा मे महिना

नागपूर,
मे महिन्याचा दुसरा आठवडा

बेटा, अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे सांगितलंस त्यावर मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. दुपारी दीडच्या सुमारास घरच्या टिनाच्या शेडमध्ये टेबलासाठी रंधा मारता मारता डोळ्यांपुढे अंधारी आली, दहा मिनिटं भिंतीला टेकून बसलीस, माठातलं पाणी प्यायलीस आणि पुन्हा कामाला लागलीस. "आता एकदम ठीक आहे काका, टेबलाचे चारही पाय झाले." अंधारी आली याची मला तेवढी काळजी वाटली नाही, मे महिन्यात टिनाखाली ती कोणालाही येईल. पुन्हा कामाला लागलीस, याची वाटली.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्याच आठवड्यात मी भाचीच्या बाळासाठी सागाचा पाळणा करत होतो. बारसं तोंडावर आलं होतं. दुपारी तीन वाजता मी पाळण्याची एक दांडी कापली, ती आखूड निघाली. दुसरी मोजून कापली, तीही आखूड. माप वहीत बरोबर लिहिलेलं, टेप हातात, तरी दोनदा चुकलं. मी लाकडावर चिडलो. तेवढ्यात तुझी काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिला मी काहीतरी बोललो. ती थबकली आणि म्हणाली, "अहो, काय बोलून राहिले तुम्ही?" मी माझ्या मते साधं वाक्य बोललो होतो. तिला त्यातला एक शब्द धड कळला नव्हता. तिने माझ्या हाताला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. तिने कोपऱ्यातली पाण्याची बादली डोक्यावर ओतली, शेजाऱ्यांना हाक मारली, ओल्या चादरीत गुंडाळून मला दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी सांगत होतो की मला काही झालेलं नाही.

हे शेवटचं लक्षात घे. ऊन लागतं तेव्हा हातापायांच्या आधी डोकं जातं, आणि जे डोकं बिघडलंय त्यालाच आपण विचारतो, बरं आहे ना? ते म्हणतं, बरं आहे. रेल्वेच्या वर्कशॉपात मी छत्तीस वर्षं पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा, होतो. तिथेही उकडायचं, पण भोंगा होता, फोरमन होता, शेजारच्या बेंचवर माणूस होता. कोणाचा चेहरा लाल दिसला तर कोणीतरी ओरडायचंच. घरच्या वर्कशॉपात यातलं काही नसतं. तू, तुझी करवत आणि वरून टिन.

म्हणून पाण्याच्या आणि कूलरच्याही आधी माझं पहिलं सांगणं हे, की तुझ्यावर लक्ष ठेवणारं एक माणूस असू दे. आईला सांग, दर अर्ध्या तासाने शेडच्या दारात यायचं आणि एक हिशेब विचारायचा. "बावीस इंचाचे चार पाय, मग लाकूड किती लागेल?" अठ्ठ्याऐंशी हे उत्तर तुझ्या तोंडून पटकन आलं तर चालू दे. अडखळलीस, चिडलीस, "नंतर सांगते" म्हणालीस, की मशीनचा प्लग काढायचा. हे आधी ठरलेलं असावं, त्या क्षणी वाद नको. आई घरी नसेल त्या दिवशी करवत चालवायची नाही.

दुसरं, तुझ्या कामाच्या दिवसांचं. आठवडाभर तू मिहानमधल्या ऑफिसात एसीत बसतेस आणि रविवारी आठ-आठ तास टिनाखाली उभी राहतेस. शरीराला ऊन सोसायला शिकावं लागतं. घाम लवकर सुटायला लागणं, त्यातून मीठ कमी जाणं, हृदयाची धडधड आटोक्यात राहणं, हे सगळं रोज थोडं थोडं उन्हात काम केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं, आणि सवय मोडली की तितक्याच दिवसांत ओसरायला लागतं. शेतावरच्या बाया मार्चपासून या तापात मुरलेल्या असतात, तू दर रविवारी नव्याने सुरुवात करतेस. कामाच्या ठिकाणी नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम उन्हात द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, असा एक जाणता नियम आहे. तुझ्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे: रविवारचे आठ तास मोड आणि रोज सकाळी ऑफिसच्या आधी एक तास शेडमध्ये काढ. टेबल तेवढ्याच दिवसांत होईल.

सकाळी म्हणजे खरंच सकाळी. सध्या आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दिवसातली सगळ्यात गार हवा त्याच वेळी असते. साडेपाच ते सात रंधा, पटाशी, आखणी असं हातकाम कर, शेजाऱ्यांची झोपही मोडणार नाही. मशीन सातनंतर. सुट्टीच्या दिवशीही नऊ-साडेनऊला झाडून कुलूप. पारा बाराला नाही, दुपारी तीन-चारला कळस गाठतो, त्यामुळे "जेवण करून बसते थोडा वेळ" हा विचार सगळ्यात वाईट. संध्याकाळचंही सांगतो. टिन सूर्य गेल्यावर लवकर निवतं, पण तुझ्या शेडची विटांची भिंत रात्री दहापर्यंत दिवसभराचा ताप बाहेर टाकत राहते. त्या भिंतीला पाठ लावून बसू नकोस.

आता टिन. वरच्या पत्र्याला दुपारी हात लावून बघ (लावू नकोस, पोळेल). हवा ४४ अंश असली तरी तो पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि खाली तुझ्या डोक्यावर आग ओकतो. पंख्याने ही आग कमी होत नाही, ती वरच अडवावी लागते. पत्र्यावर पांढरा चुना मारला की बराचसा सूर्य परत जातो. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडं फेविकॉल घालायचं म्हणजे पत्र्याला धरतो. पावसात धुऊन जाईल, जाऊ दे, काम उन्हाळ्यापुरतंच आहे. गावाकडे टिनावर तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, पसरतात, सावली छान होते, पण तुझ्याकडे ग्राइंडर आहे. एक ठिणगी वाळक्या पऱ्हाटीत गेली की संपलं. त्यापेक्षा हिरवी नेट बांध, पत्र्याला चिकटवून नाही, हातभर वर, मधून वारा गेला पाहिजे. आणि भिंत व टिन जिथे भेटतात तिथल्या फटी तू धुळीसाठी बोळे घालून बुजवल्यास, ते बोळे काढ. गरम हवा वर चढते, तिला तिथूनच वाट हवी.

कूलरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तू लावला आहेस तो चुकीचा लावला आहेस. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढी एक हजार वॅटचा हिटर चाळीस मिनिटांत देतो. कूलरची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे. आपल्या मेच्या दुपारी हवा कोरडी ठक्क असते, ४५ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के धरली तर कूलरच्या बाजूंना लावलेल्या चांगल्या ओल्या ताट्यांमधून आलेली हवा तिशीच्या आसपास उतरू शकते. मुंबईच्या लोकांना हे पटत नाही, त्यांच्याकडे हवेत आधीच पाणी असतं. पण ही हवा आत आली तशी बाहेर जायला पाहिजे. तू शेडचं दार लावून कूलर आतच ठेवलास, म्हणजे तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते, अर्ध्या तासात घाम अंगावर चिकटतो आणि वाळत नाही. कूलर खिडकीबाहेर, समोरचं दार उघडं, हीच रीत. मृग लागला, ढग यायला लागले की कूलरवरचा भरवसा सोड. तेव्हा पारा चाळीसच्या खाली असेल, तुला वाटेल ताप उतरला, पण घाम वाळणार नाही आणि तेच दिवस फसवतात.

आणि कूलरचा शॉक. दर उन्हाळ्यात आपल्या भागात यात माणसं जातात, बहुतेक वेळा पाणी भरताना किंवा पंपाला हात लावताना. लोखंडी पेटी, ओली फरशी, अनवाणी पाय. पाणी भरण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढायचा. शेडच्या लाइनवर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं बटण) आहे का, अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का, हे इलेक्ट्रिशियनकडून या आठवड्यातच बघून घे. टेबलासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून खर्च कर, टेबल थांबेल.

टेबलफॅनचं एक. आपल्या कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. हवा ४४ ची असेल तर पंखा भट्टीची हवाच अंगावर फेकतो, घाम येतोय तोवरच त्याचा उपयोग. बनियन किंवा सुती कुर्ता ओला करून घातलास तर तोच पंखा कामाचा. पण दुपट्टा नाही. रस्त्यावर डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय आपल्याकडे कोणी निघत नाही, तुलाही सवय आहे, पण ड्रिल, ग्राइंडर, लेथ यांच्याजवळ गळ्यात किंवा खांद्यावर काहीही लोंबतं नको. ओलं कापड सुटत नाही, गुंडाळतच जातं. डोक्याला ओला रुमाल घट्ट बांध, टोकं आत खोचून. गॉगलवर घाम आला म्हणून तो काढून काम करू नकोस, थांब, पूस, मग कर.

पाणी तहान लागायची वाट न बघता पी, दर वीस मिनिटांनी एक कप. तासाला दीड लिटरच्या वर नको, नुसतं पाणी ढोसल्यानेही रक्तातलं मीठ पातळ होतं. घाम भरपूर गेला तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून दे. बाकी ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील हे तुझी आई करतेच, तिचं ऐक. सकाळी रिकाम्या पोटी शेडमध्ये जाऊ नकोस.

लाकडाचं मात्र मी प्रेमाने सांगतो. या दिवसांत लाकूड तुझ्यापेक्षा जास्त तहानलेलं असतं. लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणलेला फळा दोन दिवसांत टोकांना तडकतो, कारण टोकातून पाणी सगळ्यात भरभर जातं, म्हणून आणल्या दिवशीच टोकांना फेविकॉल फास. कूलरचा झोत फळ्यावर सरळ आला तर एक बाजू फुगून तो वाकेल. फुटभर रुंद सागाचा फळा मे ते ऑगस्ट या काळात दोन-चार मिलिमीटर सहज पसरतो, तेव्हा टेबलाचा वरचा भाग चौकटीला घट्ट चिकटवू नकोस, स्क्रूची भोकं लांबट ठेव. फेविकॉल तापल्या लाकडावर दोन-तीन मिनिटांतच साय धरतं, तेव्हा जोड आधी कोरडा बसवून बघ आणि सकाळीच चिकटव. पॉलिशही सकाळीच, उन्हात ते पसरायच्या आधी वाळतं आणि ब्रशच्या रेघा राहतात. ड्रिलची बॅटरी शेडमध्ये ठेवू नकोस. पंचेचाळीस अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज करायची नसते, चार्जरचा दिवा लुकलुकतो तो बऱ्याचदा त्यासाठी.

तू मेजाला जवसाचं तेल देणार म्हणालीस. उत्तम, आपल्या विदर्भाचंच तेल. पण ज्या फडक्याने देशील त्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकलास तर ते फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. पसरलेल्या फडक्यातून ती ऊब निघून जाते, बोळ्यात साठत जाते, आणि मेच्या टिनाखाली तिला चढायला वेळ लागत नाही. फडकं बाहेर तारेवर एकेरी पसरून वाळव किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लाव. यात आळस करू नकोस, बेटा.

आणि कधी तसं झालंच, बोलणं अडखळलं, झोक जाऊ लागला, अंग तापलं, मग घाम येत असला तरी, तर आईने आधी पाणी ओतायचं आणि मग फोन करायचा. सावली, कपडे सैल, डोक्यापासून पायापर्यंत पाणी, पंखा, काखेत आणि मानेवर बर्फ, मग १०८. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. हा कागद आईला वाचून दाखव.

सूर्य रोहिणीत गेला की २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेल. त्याच्या आत टिन पांढरं झालं पाहिजे. या रविवारी मी सहाला येतो, ब्रश माझे आहेत, शिडी मात्र तुमच्याकडची लागेल. शनिवारी रात्री पाच किलो चुना लोखंडी टबात भिजवून ठेव, भिजताना तो उकळतो, जवळ वाकू नकोस, आणि डोळ्यांना गॉगल घाल.

तुझा,
काका